कान ओढला म्हणजे झोप

दोन दिवसांची रजा टाकली होती.
पहिला जुन्या पादरा रोडवर गेला.
मोटारींच्या शोरूमवर तिसरा मजला,
बूट काढून मोजे घालायचे, तेही त्यांचेच.
मॅडमनी फोनवर कॅमेरे दाखवले:
कामावर बसून कधीही बघा,
जेवली का, झोपली का, नाक कुणी पुसलं.
शाल्मली काचेच्या टाकीला नाक लावून उभी.
बराच वेळ उभी.
मग वळून म्हणाली, "माछी झोपली."
मासे प्लॅस्टिकचे होते.
लिफ्टमध्ये मुक्ता आणि मी
तळमजला येईपर्यंत गप्प,
दोघंही एकच आकडा बाराने गुणत.

दुपारी मांजलपूर. बंगला,
अंगणात गवत म्हणून हिरवी सतरंजी.
ज्या वयात मी माती खात होतो
त्या वयाची चाळीस मुलं रेघेवर रेघ गिरवत होती.
आम्ही आत शिरलो तसं
सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
मुक्ताने विचारलं, रडलं एखादं तर?
"इथे कुणी रडत नाही," सर म्हणाले,
निकाल सांगावा तसे.
स्कूटरवर बसल्यावर पाहिलं,
शाल्मलीचंही बोट ओठांवर.
लालबागच्या पुलापर्यंत तसंच होतं.

दांडिया बाजारातलं नाव कोणत्याच यादीत नव्हतं,
मुक्ताच्या लॅबमधल्या फाल्गुनीने सांगितलेलं.
गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या शेजारी.
दाराची कडी गंजलेली,
मुक्ताने आधी तीच हलवून पाहिली.
घसरगुंडीची एक पायरी गेलेली.
आत फिनेलचा आणि शिऱ्याचा वास, एकात एक.
पण एक नळ होता,
माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर,
कुणीतरी मुद्दाम तिथे बसवलेला.
बारा मुलं. एक रडत होतं
सावलीबेनच्या कडेवर, सावकाश,
आणि ती त्याला गप्प करत नव्हती,
दुसऱ्या हाताने नॅपकिनच्या घड्या घालत होती.
मुक्ताने तोच प्रश्न विचारला.
"रडे ज ने," हंसाबेन म्हणाल्या,
"एनुं घर थोडुं छे?"

अर्ज एका पानाचा.
मातृभाषा: मी मराठी लिहिलं आणि थांबलो.
तिची भाषा अजून मराठी नाही,
गुजराती नाही, शेजारच्या लालवाणींची सिंधीही नाही.
तीस-चाळीस शब्द सगळे मिळून,
आणि ते कळणारी माणसं जगात दोन.
मी अर्जाचा मागचा कोरा भाग फाडून घेतला.

बुम् म्हणजे पाणी.
ऊन म्हणजे कुठलाही उजेड, ट्यूबलाइटसुद्धा.
माली म्हणजे ती स्वतः.
माली नाय म्हणजे मला उचलू नका.
माली नाय नाय म्हणजे उचला.
पडद्यामागे गेली तर हाक मारू नये, शी करते आहे.
कान ओढला म्हणजे झोप.

सावलीबेनने कागद उलटासुलटा पाहिला.
"मने वांचतां नथी आवडतुं."
इथे जन्म गेला तरी
तो शब्द अजून मला क्षणभर चकवतो.
तिला वाचणं येत नाही, एवढंच,
नावडतं असं नाही.
मग मी वाचून दाखवलं.
ती माझ्यामागून एकेक म्हणत गेली,
नाय नायला हसली,
कानाशी आल्यावर म्हणाली, "मारो पण."
चार वर्षांचा. कवांटला, बहिणीपाशी.

त्याचे शब्द ती कुणाला सांगून आली,
हे विचारायला तोंड उघडलं
आणि फी महिन्याची की तिमाहीची ते विचारलं.

कागदाच्या चार घड्या करून
तिने पदराच्या टोकाला बांधला, सुट्ट्या पैशांबरोबर.
मुक्ता दारात हंसाबेनना सांगत होती,
सोमवारपर्यंत कडी बदला, नाहीतर आम्ही नाही.
शाल्मली नळापासून हलेना.
दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या.
"बुम्," ती सावलीबेनला म्हणाली.
मला नाही.